नगरांचे पाणी : हिशेब नागरिकांच्या हाती

नळ उघडला की पाणी यावे, ही नागरिकांची अपेक्षा रास्तच होय. परंतु ते पाणी कोठून येते, किती येते आणि वापरानंतर कोठे जाते, याची माहिती मात्र फारच थोड्यांना असते. जोवर धरणात साठा आहे तोवर हे अज्ञान जाणवत नाही. साठा आटला म्हणजे त्याची किंमत साऱ्या नगराला मोजावी लागते. लातूर शहराने २०१६ साली हा अनुभव घेतला.

लातूरचा धडा

लातूरचा पाणीपुरवठा मुख्यत्वे मांजरा नदीवरील धनेगाव येथील धरणावर अवलंबून आहे. २०१४ व २०१५ या दोन्ही वर्षी पावसाने ओढ दिली आणि धरण कोरडे पडले. मार्च २०१६ मध्ये पाण्याच्या टाक्यांच्या परिसरात जमावबंदीचा आदेश काढावा लागला. १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातुरात पोहोचली. तिच्या दहा वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या सुरू झाल्या व एका खेपेस सुमारे २५ लाख लिटर पाणी येऊ लागले.

हे कार्य मोठेच होते. तथापि आकड्यांकडे थोडे बारकाईने पाहावे. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८० हजारांवर होती. २५ लाख लिटर पाणी सर्वांस सारखे वाटले, तरी दरडोई वाट्यास साडेसहा लिटरच येते. नगरातील पाणीपुरवठ्याचे सर्वमान्य प्रमाण दरडोई दररोज १३५ लिटर आहे. रेल्वेने तहान भागविता येते, नगर चालविता येत नाही, हाच यातील बोध होय.

विंधन विहिरींचा आधारही मर्यादितच ठरला. मराठवाड्याचा बहुतेक भूभाग काळ्या कातळाचा आहे. या खडकात पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. विहीर अधिक खोल नेल्याने पाण्याचा साठा वाढत नाही. उलट शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी ओढले जाते. जमिनीत जितके मुरेल तितकेच उपसावे, हा नियम कातळाने घालून दिलेला आहे.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस उत्तम पाऊस झाला आणि मांजरा धरण भरले. खरी कसोटी अशा वेळीच असते. टंचाईत प्रत्येक जण काटकसर करतो. भरल्या धरणाच्या काळात ती सवय टिकते काय, हा प्रश्न आहे.

केवळ कायदा पुरेसा नाही

तामिळनाडू शासनाने २००३ साली सर्व इमारतींवर पर्जन्यजल संकलनाची व्यवस्था सक्तीची केली. हे पाऊल दूरदर्शी होते. तरीही २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईचे जलाशय आटले आणि जुलैमध्ये त्या महानगरासही रेल्वेने पाणी पुरवावे लागले. छपरावरील नळी गाळाने बुजली, शोषखड्डा साफ झाला नाही, तर कागदावरील व्यवस्था पाणी देत नाही. घरमालकास तिचे महत्त्व पटले तरच तिची निगा राहते. म्हणूनच लोकजागृती हा पाणीयोजनेचा अविभाज्य भाग मानला पाहिजे.

सोपे गणित

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. या हिशेबाने १०० चौरस मीटरच्या छपरावर वर्षाकाठी ७०० मिलिमीटर पाऊस पडल्यास ७० हजार लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी ५६ हजार लिटर हाती राहते. पाच माणसांच्या कुटुंबाची दरडोई १३५ लिटर प्रमाणे सुमारे ८३ दिवसांची ही गरज होय. हे सर्व पाणी टाकीत साठविणे शक्य नसेल, तर पहिल्या सरींचे मळकट पाणी वगळून उरलेले गाळून विहिरीत अथवा शोषखड्ड्यात सोडता येते.

दुसरे गणित सांडपाण्याचे. पुरविलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे नियोजनात धरले जाते. म्हणजे १३५ लिटरपैकी १०८ लिटर. ते प्रक्रियेविना नाल्यात गेले तर नदीकाठच्या खालच्या गावांच्या विहिरी नासतात; शुद्ध केले तर उद्याने, बांधकामे व उद्योग यांना उपयोगी पडते आणि तितकेच धरणाचे पाणी पिण्यासाठी वाचते.

प्रत्येकाचा वाटा

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या नगरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली आहे. धरणातील साठा, प्रभागास मिळणारे पाणी व गळती यांचे आकडे दरमहा फलकावर लावले, तर या समित्यांतील चर्चेस निश्चित आधार मिळेल. शिक्षकांनी शाळेच्या छपराचे क्षेत्रफळ व पावसाची नोंद यांवरून वरील गणित विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावे. ते घरोघरी आपोआप पोहोचेल. शहरालगतच्या ग्रामपंचायतींच्या सदस्यांनाही यात मोठा वाटा आहे. टँकरसाठी होणारा उपसा त्यांच्याच शिवारातून होतो आणि नगराचे सांडपाणीही त्यांच्याच ओढ्यात येते. पाण्याबाबत शहर आणि गाव यांची हद्द नकाशावरच असते.

नवी धरणे व जलवाहिन्या यांची आवश्यकता राहीलच. परंतु दर पावसाळ्यापूर्वी छपराची नळी साफ करणे, गळका नळ दुरुस्त करून घेणे आणि प्रभागाचा हिशेब विचारणे, ही कामे कोणत्याही मंजुरीची वाट पाहत नाहीत. ती धरण भरलेले असतानाच करावयाची आहेत.