पाण्याचा ताळेबंद

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात वसलेले आहे. तेथे वर्षाकाठी सरासरी सुमारे ४०० मिलिमीटर पाऊस पडतो. १९७२ च्या दुष्काळानंतर डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या व पोटासाठी अनेक कुटुंबांना गाव सोडावे लागले.

१९८९ मध्ये श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे ग्रामस्थांनी श्रमदानाने उतारांवर समतल चर खोदले, बांध घातले, झाडे लावली. चराईबंदी व कुऱ्हाडबंदी स्वीकारली. त्यामुळे वाहून जाणारे पाणी थबकून जमिनीत मुरू लागले.

परंतु मुरलेले पाणी राखणे त्याहून कठीण असते. भूगर्भातील पाण्याला शेताची हद्द ठाऊक नसते. एकाने खोल उपसा केला की शेजाऱ्याची विहीर कोरडी पडते. म्हणून ग्रामसभेने शेतीसाठी कूपनलिका घेण्यास मनाई केली आणि उसासारखी फार पाणी लागणारी पिके वर्ज्य ठरविली. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा जमाखर्च मांडला जातो. प्रथम माणसांच्या व जनावरांच्या पिण्याचा वाटा राखतात. उरलेल्या पाण्यावरून रब्बीचा पेरा ठरतो.

अशा नियमाची खरी कसोटी चांगल्या पावसाच्या वर्षी लागते. कारण भरलेली विहीर पाहून हात सैल सुटतो.

शिक्षकांनी शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक मांडून हाच हिशेब मुलांकडून करवून घ्यावा. गणिताच्या तासाला केलेली ही वजाबाकी त्यांना जन्मभर उपयोगी पडेल.