घरात गारवा, बाहेर जबाबदारी

मंडळी, नाशिक म्हणजे थंड हवेचे गाव, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मोगलांच्या काळात या गावाला गुलशनाबाद म्हणत, म्हणजे फुलबागांचे गाव. जुन्या नाशकातल्या आमच्या घरी उन्हाळ्याच्या संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडायचे, अंथरुणे घालायची, की झाले. अम्मीला तर विजेचा पंखासुद्धा चैनीचा वाटे. आता एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि इमारतींच्या भिंतींवर एसीच्या पेट्या लटकलेल्या दिसतात. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडेही एक आली.

बसवायला विशीतला एक मुलगा आला. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर. त्याने एक पाय खिडकीच्या कठड्यावर ठेवला, दुसरा बाहेरच्या छज्जावर. पायात चपला, कमरेला काही नाही. खाली मुले क्रिकेट खेळत होती. माझ्या काळजात धस्स झाले. म्हटले, "बेटा, आधी आत ये. पट्टा कुठे आहे?" तो हसला. "चाचा, पट्टा आहे ना, गाडीत. रोजचंच काम आहे हो." पट्टा आणल्याशिवाय काम सुरू करू दिले नाही, तेव्हा कुठे तो खाली गेला.

त्या दिवशी लक्षात आले, की दुकानात मी किंमत विचारली, वीज किती लागेल ते विचारले, आतल्या यंत्राचा आवाज येतो का तेही विचारले. बाहेरच्या पेटीबद्दल मात्र अवाक्षर काढले नव्हते. वास्तविक धोका असतो तो तिथेच.

आधी थोडे यंत्राविषयी. दीड टनी एसी म्हणजे दीड टन वजनाचा नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता ओढण्याची ताकद म्हणजे एक टन. ही उष्णता खोलीतून तांब्याच्या नळ्यांतल्या गॅसमार्फत बाहेर नेली जाते आणि बाहेरची पेटी ती हवेत सोडते. म्हणून कॉम्प्रेसर आणि मोठा पंखा तिच्यात असतो. घरगुती पेटीचे वजन साधारण पंचवीस ते चाळीस किलो भरते. बत्तीस फुटांवरून ती निसटली, तर दीड सेकंदाच्या आत जमिनीवर येते आणि तेव्हा तिचा वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास असतो. खालच्या माणसाला वर बघायलाही सवड मिळत नाही.

ही भीती पोकळ नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीत करोल बाग भागात दुसऱ्या मजल्यावरून अशी पेटी खाली कोसळली. खाली दुचाकीवर बसून मित्राशी बोलत असलेला अठरा वर्षांचा मुलगा त्यात दगावला, मित्र जखमी झाला. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कैदेने गेलेला मुलगा परत येत नाही.

मग काय पाहावे? पहिली गोष्ट भिंत. खिळा गिलाव्यात धरत नाही, तसाच बोल्टही धरत नाही. तो पक्क्या विटेत किंवा काँक्रीटच्या तुळईत खोल जायला हवा. नव्या इमारतींत हलके, सच्छिद्र ब्लॉक असतात. तिथे आरपार बोल्ट घालून आतल्या बाजूने लोखंडी पट्टी लावावी लागते. जुन्या वाड्यांच्या माती-चुन्याच्या भिंतींवर तर हा भार टाकूच नये. तिथे पेटी अंगणात किंवा मजबूत गच्चीवर स्टँडवर ठेवावी. छज्जाचेही तसेच. त्याला पेलणाऱ्या मुख्य सळ्या वरच्या अंगाला असतात. वरून भोके पाडली, तर नेमके त्याचेच बळ जाते.

दुसरी गोष्ट अँगल. तो पेटीच्या वजनाला साजेसा, जाड आणि जस्ताचा मुलामा दिलेला असावा. पेटी चारही पायांवर बोल्टने आवळलेली, खाली रबराचे पॅड. पंख्याची थरथर वर्षानुवर्षे नट सैल करत असते आणि पावसाळा लोखंड खात असतो. म्हणून दर पावसाळ्यानंतर जाणकाराकडून नट आणि गंज तपासून घ्यावा.

तिसरी गोष्ट मोकळी हवा. पेटीच्या मागे निदान वीतभर, समोर दोन-तीन फूट जागा हवी. नेमके आकडे कंपनीच्या पुस्तिकेत असतात. चोरीच्या भीतीने काहीजण तिला चहूबाजूंनी कोंडतात. मग ती स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढते, वीज जास्त खाते आणि लवकर बिघडते. शेजाऱ्याच्या खिडकीवर झोत जाणार नाही, हेही पाहावे. आपला गारवा त्याच्या घरची धग होऊ नये.

चौथी गोष्ट वीज आणि गॅस. दीड टनी एसीला मीटरजवळच्या बोर्डापासून वेगळी तांब्याची वायर, वेगळा एमसीबी आणि चांगले अर्थिंग लागते. पंख्या-दिव्यांच्या वायरवर तो चालवणे म्हणजे आगीला आवतण. आजच्या बऱ्याच एसींत आर-३२ गॅस असतो, काहींत प्रोपेन. पहिला थोडा ज्वलनशील, दुसरा बराच. म्हणून नळ्या जोडल्यावर आतली हवा व्हॅक्यूम पंपानेच काढून घ्यावी. नुसता गॅस सोडून हवा घालवू देऊ नये. सांधे साबणाच्या फेसाने तपासावेत आणि त्या वेळी जवळपास विडी-काडी नको.

आणि पाचवी गोष्ट माणूस. चढणाऱ्याच्या अंगावर पट्टा, पट्ट्याची दोरी भक्कम आधाराला बांधलेली. पेटीला वेगळी दोरी. जोडीला दुसरा माणूस. खाली रस्ता अडवून एकजण उभा. पाऊस-वारा असेल, तर काम उद्यावर. यासाठी चारशे-पाचशे रुपये जास्त पडले, तर द्यावेत. तो मुलगा घाई करतो, कारण त्याला दिवसाकाठी आणखी घरे गाठायची असतात. त्याची घाई थांबवणे आपल्या हातात आहे.

आमच्या पेटीचे काम त्या दिवशी दोन तास लांबले. मुलगा जाताना म्हणाला, "चाचा, पट्टा घाला असं कुणी सांगत नाही. लवकर आटप, एवढंच सांगतात." ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

तेव्हा मंडळी, पैसे चुकते करण्यापूर्वी एकदा जिना उतरून खाली जा. पेटीच्या बरोबर खाली उभे राहा आणि वर बघा. तिथे आपल्या नातवाला निर्धास्तपणे खेळू देता येईल असे वाटले, तरच वर जाऊन एसी सुरू करा.