सांत-अवस्था यंत्रे आणि नियमित भाषा : शब्द व वाक्य यांच्या संदर्भात

भाषेची रचना यंत्रवत् नियमांनी सांगता येईल काय, हा प्रश्न विचारताना ‘यंत्र’ म्हणजे काय व त्याला किती स्मरणशक्ती द्यावयाची, हे प्रथम ठरवावे लागते. मज्जापेशींच्या जाळ्याची जी गणिती प्रतिकृती मॅक्कलक व पिट्स यांनी 1943 साली मांडली, तिच्या आधारे स्टीफन क्लेनी यांनी 1956 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात सर्वांत साध्या यंत्राचे सामर्थ्य निश्चित केले. हेच सांत-अवस्था यंत्र होय.

या यंत्राच्या अवस्था मोजक्या असतात. एक चिन्ह वाचले की सद्य अवस्था व ते चिन्ह यांवरून पुढील अवस्था ठरते. चिन्हमाला संपताना यंत्र ग्राह्य अवस्थेत असेल, तर ती माला स्वीकृत समजावयाची. अवस्थेखेरीज यंत्रापाशी दुसरी स्मृती नसते. अशा यंत्राने स्वीकारलेल्या मालांचा संच म्हणजे नियमित भाषा. विकल्प, जोडणी आणि पुनरावृत्ती या तीन क्रियांनी जेवढ्या भाषा रचता येतात, तेवढ्याच नियमित असतात, असे क्लेनी यांनी सिद्ध केले.

मराठी नामाचे उदाहरण घेऊ. ‘झाड’ हे मूळ वाचल्यावर यंत्र ग्राह्य अवस्थेत येते. ‘झाडा-’ या सामान्यरूपाची अवस्था, संबोधन वगळल्यास, ग्राह्य नाही; पुढे काही तरी यावेच लागते. ‘ला’ किंवा ‘ने’ आल्यास एक अवस्था, ‘खाली’ किंवा ‘मागे’ आल्यास दुसरी. कारण ‘झाडाखालचा’ होतो, ‘झाडालाचा’ होत नाही. ‘च’ अथवा ‘ही’ लागले की शब्द पुरा झाला. ‘झाडाखालचा’ हे नामासारखे योजले असता त्याचे सामान्यरूप ‘झाडाखालच्या-’ यंत्राला पुन्हा ‘झाडा-’च्याच अवस्थेत नेते. म्हणून ‘झाडाखालच्यामागच्यालाही’ हा शब्द कानाला अवघड वाटला तरी नियमाबाहेरचा नाही. आरंभाची अवस्था धरून केवळ सहा अवस्थांनी येथे असंख्य शब्द स्वीकारले जातात. भाषा अनंत असणे ही या यंत्राची अडचण नव्हे.

मग अडचण कोठे येते? याचे उत्तर मायहिल (1957) व नेरोड (1958) यांच्या सिद्धान्तात आहे. ज्या दोन पूर्वखंडांना नेमके तेच उत्तरखंड चालतात, ते एका वर्गात घालावेत. असे वर्ग सांत असतील तरच भाषा नियमित. ‘झाडाला’ व ‘झाडाने’ एका वर्गात पडतात, ‘झाडाखाली’ वेगळ्या वर्गात. वितरणावरून वर्ग पाडण्याची ही रीत भाषाभ्यासकाला परकी नाही. अवस्था म्हणजे असा एक वितरणवर्गच होय.

आता वाक्याकडे वळू. ‘वडिलांनी काकांनी आजोबांनी घर विकले असे सांगितले असे कळविले.’ येथे कर्ते तीन व क्रियापदेही तीन. पहिल्या कर्त्याचे क्रियापद सर्वांत शेवटी येते. अशा रचनेत कर्ते जितके वाढतील तितकी क्रियापदे पुढे देणे लागते. एका कर्त्यानंतरचा, दोहोंनंतरचा, तिहींनंतरचा पूर्वखंड प्रत्येकी निराळ्या वर्गात पडतो. वर्ग अनंत होतात, आणि सांत-अवस्था यंत्र अपुरे ठरते. नोम चॉम्स्की यांनी 1956 साली इंग्रजीविषयी याच धर्तीचा युक्तिवाद केला.

यावर आक्षेप असा की, बोलणारा मनुष्य दोन-तीन थरांपलीकडे जात नाही. थरांना मर्यादा घातली की भाषा नियमितच ठरेल. हे खरे आहे. परंतु तसे केल्यास प्रत्येक थरासाठी तोच नियम नव्या अवस्थांत पुन्हा लिहावा लागतो आणि एका नियमाची यादी होते. मर्यादा स्मरणाची आहे की व्याकरणाची, हा खरा वादविषय आहे. यंत्राची व्याख्या तो स्पष्ट करते, मिटवीत नाही.

वाक्यासाठी अपुरे ठरलेले हे यंत्र शब्दाच्या क्षेत्रात मात्र पुनः प्रतिष्ठित झाले. ध्वनिनियम आपल्याच फलितावर पुनःपुन्हा लागू होत नसतील, तर ते सांत-अवस्था यंत्रांनी सांगता येतात, हे डग्लस जॉन्सन यांनी 1972 साली दाखविले. कॅप्लन व के यांनी 1994 साली त्याचे सविस्तर प्रतिपादन केले. तेव्हा व्याकरणाच्या कोणत्याही विभागाविषयी विचारावयाचा प्रश्न हा की, येथवर जे आले त्यातील किती लक्षात ठेवल्यावाचून पुढचे ठरत नाही?