खत्मी, खुब्बाजी आणि अत्ताराची अमानत

सर्दी-पडशाचे दिवस आले की अत्ताराच्या दुकानात जोशांद्याच्या पुड्या बांधण्याची घाई सुरू होते. उन्नाब, सपिस्तान, मुलेठी, गावजबान यांच्यासोबत पुडीत आणखी दोन जिनसा पडतात. त्या म्हणजे तुख्मे खत्मी आणि तुख्मे खुब्बाजी. दोन्ही बिया एकाच वनस्पती-कुळातल्या. आपली भेंडी, अंबाडी, जास्वंद आणि कापूस याच कुळातले. भेंडी चिरताना जी तार सुटते तीच या कुळाची खरी दौलत. हकीम तिला लुआब म्हणतात.

जुना वारसा

इब्न सीना यांच्या ‘अल-कानून’मध्ये खत्मी व खुब्बाजी दोहोंचे वर्णन आहे. सुनन अबू दाऊदमध्ये खत्मीने डोके धुतल्याचा उल्लेख येतो. अरब मुलुखात साबणासारखा तिचा वापर होता. कोरडा खोकला, घशाची खवखव, पोटातली जळजळ यांवर हकीम या औषधी देत आले. लुआब घशाच्या व आतड्याच्या आतल्या बाजूवर पातळ थर धरतो आणि दाह कमी होतो, हे त्यामागचे साधे कारण.

नवे शास्त्र काय म्हणते?

युरोपीय औषध संस्थेने कोरडा खोकला, घशाचा दाह आणि पोटाच्या किरकोळ तक्रारींसाठी खत्मीच्या मुळाला (रेशा खत्मी) आणि खुब्बाजीच्या फुला-पानांना पारंपरिक औषध म्हणून मान्यता दिली आहे. मात्र ही मान्यता दीर्घ वापराच्या आधारे आहे. शिवाय ती मुळाला व फुला-पानांना आहे, आपण विकतो त्या बियांना नाही. तेव्हा बियांच्या पाकिटावर ‘युरोपमान्य’ असे छापणे खोटे ठरेल.

गिऱ्हाईकाला आणखी एक गोष्ट सांगावी. लुआबामुळे इतर औषधे शरीरात शोषली जाण्यास उशीर होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांची गोळी आणि खत्मी यांत अर्धा ते एक तासाचे अंतर ठेवावे.

नावाचा घोटाळा

बाजारात खत्मी म्हणून अनेकदा गुलखैऱ्याचे बी मिळते. गुलखैरा हा खत्मीचा भाऊबंद खरा, पण झाड वेगळे. ‘एकाच घरचे आहेत, काय बिघडते?’ असे म्हणणाऱ्यांनी चिकण्याचे उदाहरण पाहावे. चिकणा, म्हणजे वैद्यांची बला, हीही याच कुळातली; पण तिच्यात एफेड्रिन असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये एफेड्रिन वर्गातील द्रव्ये असलेल्या पूरक आहारावर बंदी घातली, तेव्हा चिकणाही तिच्या कक्षेत आला. परदेशी माल पाठवणाऱ्याने नावात चूक केली तर गठ्ठा बंदरातच अडकायचा. म्हणून बिलावर व पाकिटावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि कोणता भाग आहे, हे लिहावे. शंका असल्यास नमुना घेऊन युनानी महाविद्यालयाच्या इल्मुल अदविया विभागात विचारावे. मुंबई, पुणे, मालेगाव येथे अशी महाविद्यालये आहेत.

कायद्याची बाजू

स्वतःच्या छापाचा जोशांदा बांधून बाजारात आणायचा असेल तर १९४० च्या औषध कायद्यानुसार परवाना लागतो. मधुमेह, कर्करोग बरा करण्याचा दावा जाहिरातीत करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

जाता जाता एक गोष्ट. मुलांच्या हाती दिसणारी ‘मार्शमॅलो’ मिठाई मुळात खत्मीच्या मुळापासून बनत असे. आज तिच्यात खत्मी नसते, जिलेटिन असते आणि ते डुकराचेही असू शकते. नाव राहिले, माल बदलला. आपल्या बरणीचे तसे होऊ नये. मापात कमी देणाऱ्यांना कुरआनने सक्त इशारा दिला आहे. एका नावाची बरणी दाखवून दुसरेच बी तोलणे, हीदेखील मापातली चोरीच. आजारी माणूस पुडी उघडून बी ओळखत नाही. तो अत्ताराच्या शब्दावर विश्वास ठेवतो, आणि तीच आपल्याजवळची अमानत.