काँग्रेस रेडिओ (१९४२)

काँग्रेस रेडिओ हे भारत छोडो आंदोलनाच्या काळात मुंबईतून गुप्तपणे चालविले गेलेले लघुलहरी ध्वनिप्रक्षेपण केंद्र होते. २७ ऑगस्ट १९४२ ते १२ नोव्हेंबर १९४२ या काळात ४२.३४ मीटर तरंगलांबीवर या केंद्राचे कार्यक्रम प्रक्षेपित होत. उषा मेहता या केंद्राच्या प्रमुख निवेदिका व संघटक होत्या.

पार्श्वभूमी

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'भारत छोडो' ठराव संमत झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे महात्मा गांधींसह काँग्रेसच्या प्रमुख नेत्यांना अटक झाली आणि वृत्तपत्रांवर कडक निर्बंध आले. १६ ऑगस्ट रोजी वर्धा जिल्ह्यातील आष्टी व तत्कालीन चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे मोठा उठाव झाला. त्यानंतर चिमुरात लोकांवर, विशेषतः स्त्रियांवर, अत्याचार झाल्याच्या तक्रारी आल्या. त्यांच्या चौकशीसाठी प्रा. जयकृष्ण भणसाळी यांनी पुढे ६३ दिवस उपोषण केले. परंतु त्या उपोषणाची बातमी छापण्यासही वृत्तपत्रांना मनाई होती. आकाशवाणी सरकारच्या ताब्यात होती. एका गावात काय घडले हे दुसऱ्या गावाला कळण्याचा उघड मार्ग उरला नव्हता.

लघुलहरींची उपयुक्तता

मध्यमलहरी मुख्यतः जमिनीलगत प्रवास करतात व दिवसा त्यांचा पल्ला मर्यादित असतो. लघुलहरी मात्र वातावरणाच्या वरच्या थरातील आयनांबरावरून परावर्तित होऊन पुन्हा पृथ्वीवर येतात. त्यामुळे अल्प शक्तीच्या प्रक्षेपकाचा आवाजही शेकडो किलोमीटर दूर पोहोचू शकतो. ४२.३४ मीटर तरंगलांबी म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्‌झ कंप्रता. या पट्ट्यातील लहरी सूर्यास्तानंतर अधिक दूरवर जातात. म्हणून संध्याकाळची वेळ केवळ श्रोत्यांच्याच नव्हे, तर प्रक्षेपणाच्याही सोयीची होती.

स्थापना

केंद्राच्या उभारणीत उषा मेहता, विठ्ठलदास (बाबूभाई) खाकर, विठ्ठलदास झवेरी व चंद्रकांत झवेरी यांचा पुढाकार होता. उषा मेहता त्या वेळी २२ वर्षांच्या होत्या. भूमिगत झालेल्या नेत्यांपैकी डॉ. राममनोहर लोहिया, अच्युतराव पटवर्धन व पुरुषोत्तम त्रिकमदास यांचा केंद्राशी संबंध होता. लोहियांनी कार्यक्रमांचे लेखन केले व स्वतः भाषणेही दिली. लेखन व वाचनात मोईनुद्दीन हॅरिस व कूमी दस्तूर यांचे साहाय्य झाले.

यंत्रसामग्री

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच सरकारने हौशी रेडिओचालकांचे परवाने रद्द केले होते. त्यामुळे प्रक्षेपकाचे सुटे भाग उघडपणे मिळविणे धोक्याचे होते. या विषयाचे जाणकार नरिमन प्रिंटर यांनी प्रक्षेपक जुळविण्याचे काम केले. 'शिकागो रेडिओ' या ध्वनिवर्धक पुरविणाऱ्या प्रसिद्ध पेढीचे नानक मोटवाने यांच्याकडून साहित्याचे साहाय्य झाले.

त्या काळच्या प्रक्षेपकात निर्वात नलिकांचा, म्हणजे व्हॉल्व्हचा, उपयोग होत असे. एक नलिका ठराविक कंप्रतेची विद्युत आंदोलने निर्माण करी, दुसऱ्या नलिका त्यांची शक्ती वाढवीत. ध्वनिग्राहकातून किंवा तबकडीवरून आलेला आवाज त्या आंदोलनांवर आरूढ केला जाई आणि मग ती एरियलमधून अवकाशात सोडली जात. एरियलची तार साधारणतः तरंगलांबीच्या निम्मी ठेवतात; या तरंगलांबीसाठी ती सुमारे २१ मीटर होते. खोलीत यंत्र लपविता येते, परंतु एवढी तार बाहेरून दिसू न देणे अवघड असते.

पोलिसांजवळ लहरींची दिशा शोधणारी उपकरणे होती. दोन निरनिराळ्या जागांवरून घेतलेल्या दिशारेषा जेथे छेदतात तेथे प्रक्षेपक असतो, या तत्त्वावर ती चालतात. प्रक्षेपण जितके लांबते व जागा जितकी स्थिर राहते, तितका शोध सोपा होतो. यावर उपाय म्हणून केंद्राची जागा वारंवार बदलण्यात येई. चौपाटीवरील 'सी व्ह्यू' इमारतीत आरंभ झाला. पुढे लॅबर्नम रोडवरील अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरील लक्ष्मी भवन, गिरगाव बॅक रोडवरील पारेख वाडी, वाळकेश्वरचा रतन महाल व महालक्ष्मी मंदिराजवळचा पॅराडाइज बंगला या जागांचा वापर झाला. कार्यक्रम बहुधा एका ठिकाणी तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या ठिकाणाहून प्रक्षेपित करीत.

प्रक्षेपणाचे स्वरूप

कार्यक्रम हिंदी व इंग्रजी भाषांतून होत. आपण काँग्रेस रेडिओवरून, ४२.३४ मीटरवर, भारतातील 'कोठून तरी' बोलत आहोत, अशी उद्घोषणा प्रथम केली जाई. आरंभी 'सारे जहाँ से अच्छा' व अखेरीस 'वंदे मातरम्' वाजविण्यात येई. देशाच्या निरनिराळ्या भागांतून विश्वासू कार्यकर्त्यांमार्फत बातम्या येत. चितगावावरील बाँबहल्ला, जमशेदपूरचा संप, बलियातील घटना तसेच आष्टी-चिमूर येथील अत्याचारांची हकिगत या केंद्राने लोकांपुढे मांडली. विदर्भातील दोन गावांची जी हकिगत उघडपणे छापणे कठीण झाले होते, ती या मार्गाने देशभर ऐकविली गेली.

छापा व खटला

पोलीस ही प्रक्षेपणे ऐकून त्यांची टिपणे ठेवीत होते. अखेर केंद्राच्या तंत्रज्ञांपैकी एकाकडून त्यांना ठिकाणाची माहिती मिळाली. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी त्यांनी छापा घातला व उषा मेहता आणि चंद्रकांत झवेरी यांना पकडले. छाप्यांत यंत्रसामग्रीबरोबरच काँग्रेसच्या अधिवेशनाची छायाचित्रे व ध्वनिचित्रफितीही जप्त झाल्या.

उषा मेहता यांना चौकशीसाठी कित्येक महिने एकांतात ठेवण्यात आले. परंतु त्यांनी कोणाचेही नाव सांगितले नाही. न्यायालयातही त्यांनी प्रश्नांना उत्तरे देण्यास नकार दिला. विशेष न्यायालयाने मे १९४३ मध्ये बाबूभाई खाकर यांना पाच वर्षांची, उषा मेहता यांना चार वर्षांची व चंद्रकांत झवेरी यांना एक वर्षाची शिक्षा दिली. विठ्ठलदास झवेरी व नानक मोटवाने निर्दोष सुटले. उषा मेहता १९४६ मध्ये येरवडा तुरुंगातून मुक्त झाल्या.

समकालीन व नंतरची केंद्रे

युद्धकाळात लघुलहरी हे सर्वच पक्षांचे साधन होते. १९४२ च्या आरंभी बर्लिनमधून 'आझाद हिंद रेडिओ' सुरू झाला. त्याच्या भाषांमध्ये मराठीही होती. लंडनहून बीबीसीनेही १९४२ मध्ये मराठी कार्यक्रम सुरू केले. बीबीसीच्या भारतविषयक विभागात शिरोळच्या वेणू चितळे या मराठी लेखिका काम करीत होत्या. ही केंद्रे शक्तिशाली राष्ट्रांच्या आधारावर चालत. काँग्रेस रेडिओ मात्र शासनाच्या नजरेखाली, भाड्याच्या खोल्यांतून चालला. पुढे गोवा मुक्तिलढ्यात वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी १९५५ ते १९६१ या काळात सीमेलगतच्या जंगलातून असेच गुप्त केंद्र चालविले.

महत्त्व

काँग्रेस रेडिओ अवघे अकरा आठवडे चालला आणि रेडिओसंच असलेल्यांपर्यंतच तो थेट पोहोचला. तथापि, नेते तुरुंगात असतानाही आंदोलन जिवंत आहे, याची साक्ष त्याने दिली. उषा मेहता यांनी पुढे मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्राचे अध्यापन केले व मणिभवन गांधी संग्रहालयाचे कार्य पाहिले. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. ११ ऑगस्ट २००० रोजी त्यांचे निधन झाले.