आवाज वाढवला की यंत्र गप्प का होते?

मंडळी, धानाची कापणी-बांधणी उरकत आली की आपल्या झाडीपट्टीत नाटकांचे दिवस सुरू होतात. दिवाळीनंतर मंडई भरते, पुढे शंकरपट होतात, आणि रात्रभराचे नाटक पाहायला लेकी-जावई, पाहुणे-रावळे गावात येतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाटक मंडळींचे मुख्य ठाणे. आज रात्री कोणते नाटक आहे हे सांगत गाडी गावोगाव फिरते. पूर्वी तिच्यावर नुसता भोंगा असे. आता कित्येक गाड्यांत गाण्याचा ठोका घुमवणारा सबवूफरचा डबा आणि त्याला जोडलेले अँप्लिफायर असते.

समजा, अशी गाडी चौकात उभी राहिली. माणसे जमली. चालकाने आवाज वाढवला, आणि पहिल्याच जोरकस ठोक्याला सारे गप्प! आवाज कमी केला की पुन्हा सुरू. पोरे हसतात आणि चालक म्हणतो, "मशीन गेली." तो ती खोलतो, नाहीतर नवी आणायला निघतो. पण थांबा. मशीन बहुधा गेलेली नसते. तिच्या आत एक राखणदार बसवलेला असतो. धोका दिसला की तो दार लावून घेतो, आणि अँप्लिफायरवरचा लाल दिवा लागतो. धोका कसला, एवढेच आपल्याला शोधायचे आहे.

पहिला धोका म्हणजे वीज कमी पोचणे. बोडीचे उदाहरण घ्या. बोडी काठोकाठ भरली आहे, पण पाट चिंचोळा आणि गाळाने भरलेला. एका बांधीपुरते पाणी मिळते. चार बांध्या एकदम उघडल्या, की टोकाच्या बांधीत थेंब पोचत नाही. गाडीची बॅटरी ही बोडी आणि तार हा पाट.

थोडा हिशेब करू. अँप्लिफायरने ४०० वॉटचा आवाज दिला आणि घेतलेल्या विजेपैकी निम्मी उष्णतेत गेली, तर ते बॅटरीकडून ८०० वॉट मागते. बारा व्होल्टवर हा प्रवाह सुमारे ६५ अँपिअर होतो. हेडलाईटचा ६० वॉटचा एक बल्ब पाच अँपिअर घेतो, म्हणजे तेरा बल्बांची वीज एका तारेतून गेली! आता ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पाच मीटर ओढली असेल, तर एवढ्या प्रवाहाला तिच्यातच जवळपास दीड व्होल्ट खर्ची पडतो, आणि तारही तापते. इंजिन बंद असेल तर बॅटरी आधीच साडेअकरा-बारावर उतरलेली असते. अँप्लिफायरपाशी उरतात दहा-साडेदहा व्होल्ट. बरीच यंत्रे दहाच्या आसपास स्वतःला बंद करतात. तीच तार २५ चौरस मिलिमीटरची असती, तर पाव व्होल्टही गेला नसता. बाजारात तांब्याचा नुसता मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तारही मिळते. ती दिसायला जाड असली तरी तांब्याइतकी वीज वाहत नाही.

हे ओळखायचे कसे? मल्टीमीटर डीसी व्होल्टवर लावा. एक टोक बॅटरीच्या धन टर्मिनलला आणि दुसरे अँप्लिफायरच्या धन टर्मिनलला टेकवा. मग आवाज वाढवा. काटा किंवा आकडा जेवढा दाखवील, तेवढा व्होल्ट वाटेत हरवला. ऋण बाजूलाही असेच मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर तार, फ्यूजची बैठक किंवा अर्थचा बोल्ट यांपैकी कुठेतरी दोष आहे. पुष्कळदा अर्थची तार रंगावरच आवळलेली असते. बॅटरीची ऋण तार आधी काढा, तो रंग खरवडून पत्रा उघडा करा आणि बोल्ट घट्ट बसवा. गाडी उभी असताना बराच वेळ वाजवायचे असेल, तर इंजिन सुरू ठेवा.

दुसरा धोका उष्णतेचा. अर्धा-पाऊण तास नीट वाजून यंत्र बंद पडले आणि थंड झाल्यावर आपोआप सुरू झाले, तर ते तापले समजा. चंद्रपूरचा उन्हाळा आपल्याला ठाऊक आहेच. सीटखाली, गोधडीत दडपलेल्या यंत्राला वारा द्या.

तिसरा धोका स्पीकरचा. यंत्र बंद करून स्पीकरच्या तारा सोडवा आणि पुन्हा सुरू करा. लाल दिवा गेला, तर दोष स्पीकरच्या बाजूला आहे. कुठे तारेचे केस एकमेकांना टेकले असतील, कुठे ती सीटखाली चिरडली असेल. चार ओहमचे दोन स्पीकर शेजारी-शेजारी, म्हणजे समांतर जोडले की भार दोन ओहम होतो. तो यंत्राला चालतो की नाही, हे त्याच्या माहितीपत्रकात पाहा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यावर तार गुंडाळू नका, मोठा फ्यूजही ठोकून बसवू नका. फ्यूज तारेला राखतो. तारेला न झेपणारा फ्यूज घातला, तर फ्यूजऐवजी तारच जळते, आणि तिच्याबरोबर गाडी, तीतली माणसेही. फ्यूज तारेच्या जाडीला साजेसा हवा आणि बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत हवा.

गुरुजींना आणि बाईंना एक सुचवतो. टॉर्चचे दोन सेल, एक छोटा बल्ब, आणि एकदा आखूड जाड तार, एकदा लांब बारीक लोखंडी तार, एवढ्यावर हा धडा वर्गात होतो. बल्ब मंद झाला की मुलांना विचारा, "सेल तेच, मग उजेड कुठे गेला?" १८२७ साली ओहमने मांडलेला नियम त्यांना फळ्यापेक्षा इथे लवकर कळेल.

आणि आवाज किती? गाणे फाटू लागले की बटण मागे घ्या. फाटका आवाज स्पीकरची गुंडाळी जाळतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे, हेही ध्यानात असू द्या. हीच गाडी उद्या गावात वाघ आल्याची मुनादी द्यायला लागेल. त्या वेळी तिचा आवाज मध्येच तुटता कामा नये. म्हणून यंत्र गप्प झाले, तर त्याच्यावर चिडण्याआधी मीटर काढा आणि पाट तपासा.