आवाज कसा येतो नाही, कधी येतो ते सांगा



मुळशी तालुक्यातल्या कितीतरी गटांचा माल हल्ली हिंजवडीला जातो. कुणाची भाजी, कुणाचे जेवणाचे डबे, कुणाच्या भाकरी. गाडी गटाची असेल नाहीतर भाड्याची, पण रस्ता सगळ्यांना तोच. माण-मारुंजीकडचे खड्डे, भूमकर चौकातली कोंडी, पावसात साठलेलं पाणी. एवढं सोसून गाडी कुरकुरणारच. गाडी चालवणारा म्हणतो, "चालायचंच ताई." गॅरेजात गेलं की ऐकायला मिळतं, "इंजिन उतरवावं लागेल." या दोघांत खरं काय, ते आपल्याला थोडंफार कळायला हवं, कारण पैसे गटाचे आहेत आणि गाडीत बसणाऱ्याही आपणच आहोत.

आवाज कसा आहे ते आपण सगळ्याजणी हुबेहूब काढून दाखवतो. खडखड, कुईकुई, घुंघुं. मिस्त्रीला त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे आवाज कधी येतो. ब्रेक दाबल्यावर? वळताना? खड्ड्यात? की गाडी नुसती उभी आणि इंजिन चालू असतानाही? उभ्या गाडीत येत असेल तर चाकं आणि शॉकअपवरचा संशय गेला, उरलं इंजिन, त्याचे पट्टे आणि सायलेन्सर. निम्मा शोध इथंच लागतो. म्हणून एकीनं मागं बसावं, एकीनं पुढं, आणि आवाज कोणत्या बाजूनं, केव्हा आला ते वहीत लिहावं.

त्याआधी गाडी रिकामी करा. सैल जॅक, चाक खोलायचा पाना, रिकामे क्रेट, नीट न आवळलेली स्टेपनी, हीच पुष्कळदा खडखडत असतात. याला पैसे लागत नाहीत.

आता ब्रेक. यात हयगय नको. पावसाळ्यात सकाळी पहिल्यांदा ब्रेक दाबल्यावर खरखर आली आणि दोन-चार वेळा दाबल्यावर गेली, तर ती रात्रीच्या ओलीनं डिस्कवर धरलेल्या गंजाची. घाबरू नका. पण दर वेळी बारीक, टोकदार चीं येत असेल तर ब्रेक पॅड झिजत आलेत. बऱ्याच पॅडना त्यासाठीच पत्र्याची बारीक जीभ बसवलेली असते. पॅड झिजलं की ती डिस्कला घासते आणि ओरडते. ते ओरडणं म्हणजे सूचना. ती ऐकली नाही की पुढचा आवाज घर्र असा, लोखंडावर लोखंड घासल्याचा. पॅड संपलेलं असतं, डिस्क कापली जात असते आणि गाडी लांब जाऊन थांबते. थोड्या पैशांचं पॅड बदलायचं सोडून डिस्कचाही खर्च अंगावर येतो. अशी गाडी घेऊन ताम्हिणी घाटात उतरायचं नाही, मग माल नासला तरी चालेल. बहुतेक छोट्या गाड्यांना मागच्या चाकांत ड्रम असतो, त्यातले लायनरही बघायला सांगा.

चाकाचे आवाज दोन. पंक्चर काढून आल्यावर खटखट सुरू झाली आणि वेगाबरोबर वाढली, तर लगेच बाजूला थांबा आणि चाकाचे नट तपासा. ते गोलाकार एकामागून एक आवळायचे नसतात, समोरासमोरचे आवळायचे, म्हणजे चाक सरळ बसतं. पन्नास-शंभर किलोमीटरनं पुन्हा एकदा पाना लावा. दुसरा आवाज घुंघुं, विमान लांबून यावं तसा. ॲक्सिलरेटर सोडला तरी वेग आहे तोवर राहतो, गाडी किंचित एका बाजूला वळली की कमी-जास्त होतो. हे चाकाचं बेअरिंग. पाण्यातून सारखी गाडी गेली की त्यातलं ग्रीस खराब होतं. टायर वाकडातिकडा झिजला तरी आवाज असाच येतो, म्हणून बेअरिंगचे पैसे देण्याआधी थंड, उभ्या गाडीच्या टायरवरून हात फिरवून बघा, चढउतार लागतात का.

गतिरोधकावर धडधड होत असेल तर गाडीचा एक कोपरा दाबून सोडा. एकदा वर येऊन स्थिर झाला तर शॉकअप ठीक. डुलतच राहिला तर तो गेला. डुलत नसेल आणि तरी खडखड असेल, तर रबरी बुश किंवा सांधे बघायला सांगा. पूर्ण वळण घेताना कटकट येणं हा पुढची चाकं ओढणाऱ्या मोटारींचा आजार. शाफ्टवरचं रबरी बूट फाटून आत चिखल जातो. बूट फाटल्याबरोबर बदललं तर सांधा वाचतो.

सकाळी इंजिन सुरू करताना चीं आली तर बहुधा पट्टा सैल किंवा झिजलेला. बघायचा तो इंजिन बंद करूनच. चालू इंजिनवर वाकताना पदर, ओढणी, वेणी काहीही ओढलं जातं. इंजिनात टकटक असेल तर आधी ऑइलची पट्टी काढून पातळी बघा. चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला तर इंजिन तिथंच बंद. 'गॅरेज जवळच आहे' म्हणून पुढं नेली की इंजिन जाम होऊ शकतं. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, मिस्त्रीच्या पोऱ्यानंही नाही.

गॅरेजात गेल्यावर मिस्त्रीला आधी गाडीत बसवा आणि जिथं आवाज येतो त्याच रस्त्यावरून एक फेरी मारा. तो आवाज त्यानं ऐकल्याशिवाय काम सांगायचं नाही. काम झाल्यावर तीच फेरी पुन्हा. काढलेला जुना भाग मागून घ्या आणि बिलासोबत गटाच्या कपाटात ठेवा. महिन्याच्या बैठकीत कुणी खर्च विचारला, तर झिजलेलं पॅड टेबलावर ठेवता येतं.